चिठ्ठ्या

सहाचं व्याख्यान सहाला सुरू झालं. एरंडवणे आहे हे.
माझं काम चिठ्ठ्या गोळा करायचं:
प्रश्न नेमका हवा, अक्षर सुवाच्य, भाषण नको.

निवृत्त राजदूत घैसास
शेजारी देशांवर बोलताना
'तूर्तास' अकरा वेळा म्हणाले.
(मी मोजते. दुसरं काय करणार?)
डोंगरेबाईंकडे बंदरं, कर्जं, त्यांचे व्याजदर.
ब्रिगेडियर थोपट्यांकडे नुसती काठी.
ती डोंगररांगेवर टेकवली
की पडदा हलायचा,
आणि हद्द बोटभर पुढेमागे व्हायची.

चिठ्ठ्या नेहमीच्याच.
युद्ध होईल का? झालंच, तर पुण्याला धोका किती?
एकीत प्रश्नच नाही. परराष्ट्र खात्याला सल्ला, चार कलमं,
खाली पत्ता आणि भेटायची वेळ.

एक मात्र बसच्या तिकिटामागे, शिसपेन्सिलीनं:
'साहेब, त्या हिवाळ्यात आपला तंबू होता
ती जागा आता रेघेच्या अलीकडे की पलीकडे?
बबन तिथंच राहिला.'
नाव नाही.

मी ती सगळ्यांत वर ठेवली.
थोपट्यांनी वाचली, मनातल्या मनात.
चष्मा काढला, पुसला, हातातच धरला.
म्हणाले, वेळ संपली.
अजून सात मिनिटं होती.
या सभागृहात असं कधी झालेलं नाही.

मग आभार, शाल, नारळ.
खाली चहापाशी घैसास 'तूर्तास बिनसाखरेचा' म्हणाले, लोक हसले.
थोपटे कपाच्या रांगेशी उभे,
पुढं येणारा एकेक हात बघत,
बोटं मोजल्यासारखे.