श्वास रोखा

चोपड्याच्या सरकारी दवाखान्यात
एक्स-रेच्या काळोख्या खोलीत एकोणतीस वर्षं झाली मला.
श्वास घ्या, रोखा, सोडा.
एवढंच माझं बोलणं.
माणसं आत येतात कातडीसकट,
बाहेर पडतात पांढरी, नावाच्या चिठ्ठीखाली.

आज झिपरू कोळी आला. केळीच्या घडांचा हमाल,
बागेतून ट्रकपर्यंत, दिवसाला शंभर फेऱ्या.
बनियनवर चिकाचे काळे डाग,
उजव्या खांद्यावर घट्टा.
"भाऊ, मन्हा मनका बोलस," म्हणाला,
"रातले जास्ती."

फिल्म उजेडावर धरली.
चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी
बसलेली, जुन्या एस्टीच्या सीटसारखी.
पण हाडं!
सातपुड्यातल्या अंजनासारखी,
कुऱ्हाड परत फिरवणारी.

एरवी सांगत नाही, आज सांगत बसलो:
हाड म्हणजे दगड नव्हे, झिपरूदादा.
आत गवंडी राबतात रात्रंदिवस,
एक टोळी पाडते, दुसरी बांधते,
भार पडेल तिथं विटा जास्त.
आणि पोकळीत रक्ताची भट्टी.
तो म्हणाला, "मंग मजुरी कोन देस त्यासले?"
ऊन, म्हटलं. कळण्याची भाकरी, तीळ. चालणं.
म्हटलं, आणि गप्प झालो.

कारण माझ्या डाव्या हाताला प्लास्टर.
सायकल स्टँडवर नुसता तोल गेला, हात टेकला,
मनगट मोडलं.
माझी फिल्म मीच काढली, एका हाताने.
हाड कसलं, कापूस वेचून झाल्यावरचं बोंड,
बाहेर टरफल, आत काही नाही.
डॉक्टर म्हणाले, उन्हात जात नाही का तुम्ही?
चोपड्यात!
जिथं मे महिन्यात डांबरात चप्पल रुतते
तिथल्या माणसाच्या अंगाला ऊन नाही.

झिपरूला पट्टा लिहून दिला, पंधरा दिवस आराम.
कागद त्याने चार घड्या करून तंबाखूच्या पुडीत ठेवला.
मग पायरीवर बसला. मीही जाऊन बसलो,
सकाळचं ऊन अजून कोवळं होतं.
"नवा पोरासले मीच शिकाडस," तो म्हणाला,
"गुडघामां वाकानं, कंबरमां नही."
आणि तू?
"मन्हं कोन ऐकस? मीच ऐकत नही."
हसला. मणक्याने हसू दिलं नाही, कळवळला.

सावली पायरीवर चढली
तसे आम्ही बूड घासत सरकलो.
आतून पुढच्या पेशंटची हाक आली.
आलो, म्हणालो,
आणि अजून जरा सरकलो, उन्हाकडे.