तांदूळ

सोमवारी रात्री ब्रॉंक्सच्या लॉन्ड्रीत
मशीनचं दार उघडलं तर
माझ्या कामाच्या जॅकेटच्या आतल्या खिशात,
झेरॉक्स काढायला नेलेला,
सिरा, तुझा पासपोर्ट.
गुरुवारी मुलाखत.

तू ओरडली नाहीस.
तांदळात पुरून ठेवलास रात्रभर,
मग पान-पान सोडवत
रुमालावरून इस्त्री.

वकील म्हणाला, आहे तसा न्या,
त्यांनी विचारायच्या आधीच सांगा.

फोटोत तू शाबूत,
कपाळावर फक्त साबणाचा एक ढग.
व्हिसाही वाचता येतो, डोळे बारीक केले तर.
नेमका एकच शिक्का गेला धुऊन,
बांजूलचा,
तुझी आई गेली तेव्हाचा.

बसच्या थांब्यावर मी म्हटलं,
तारीख विचारली तर?
तू हातमोजा काढलास, परत घातलास.
"सोळा मार्च. मी पोचले तोवर
माती टाकून झाली होती."

आत काय झालं, सांगितलं नाहीस.
पत्र येईल म्हणालीस, आणि पाय दुखतायत.

रविवारी तोच तांदूळ काढलास.
काही दाणे जांभळट.
मी निवडायला बसलो
तर ताट ओढून घेतलंस,
"राहू दे ते,"
आणि आधण ठेवलंस.