ञ

पहाटे सव्वाचारला ग्रिम्सबीत
जागे असतात सीगल, बर्फाचे ट्रकवाले
आणि मी.
न्यूजरूमचा हीटर आधी खोकतो, मग तापतो.

पहिलं काम फोन.
पोलीस. अग्निशमन. रुग्णवाहिका. कोस्टगार्ड.
दारोदार रतीब घालावा तसा रोज तोच प्रश्न :
काही आहे का आमच्यासाठी?
ए-वन-एटीवर लॉरी आडवी. हंबरवर वारा.
कोस्टगार्डचा म्हातारा म्हणतो, शांत गेली रात्र, पोरी,
आणि मला क्षणभर वाईट वाटतं शांततेचं.
ही सवय कुठल्या साली लागली, आठवत नाही.

मग पोलिसांचा मेल.
मासळीच्या कारखान्यात, रात्रपाळीला,
पट्ट्याखाली सापडून. वय चौतीस.
नाव सांगायला घरच्यांची हरकत नाही.
नावात एका एनखाली स्वल्पविराम लोंबतोय,
एसच्या डोक्यावर चिमणीची चोच.

हेडली, माझा संपादक, वाईट माणूस नाही.
सेकंदाला तीन शब्द, हे त्यानंच शिकवलं,
आणि वाक्य एवढंच, जेवढं एका श्वासात मावतं.
"कामगार" म्हण, तो म्हणाला, पुरे.
नावावर अडखळलीस
तर लोकांना अडखळणं ऐकू येतं, बातमी नाही.

बरोबर आहे त्याचं.
म्हणून तर सात वर्षं मी इथे मिया आहे.
मृण्मयी म्हणायला तो पहिल्या दिवशी
तीनदा उठला, तीनदा बसला,
शेवटी मीच म्हटलं, राहू दे.

पाच चाळीसला फोन लावला.
काही विचारायचं असेल तर, म्हणून बहिणीनं ठेवलेला नंबर.
झोपली नसणारच.
अशा वेळचे प्रश्न आम्हाला पाठ असतात :
कसा होता, शेवटचं काय बोलला.
मी विचारलं, नाव कसं म्हणायचं?

पलीकडे बराच वेळ फ्रिजची घरघर.
मग ती म्हणाली. परत म्हणाली.
ओ नाही, उओ.
शेवटी... नाही, हा न नव्हे,
जीभ सपाट टाळूला चिकटू दे.
परत.
हं. आता तो झाला.
आणि जाता जाता : लहानसा ओक, असा अर्थ आहे.
हे सांगू नका पण.

स्क्रिप्टच्या समासात मी देवनागरीत लिहिलं
वाल्दिस उओझुओलिञ्श.
झ "माझा"तला.
आणि ञ

कुडाळला, पहिलीत, भिंतीवर तक्ता होता.
चमचा, छत्री, जहाज, झबलं,
आणि पुढचा चौकोन रिकामा.
याचं काय, बाई?
याचं काही येत नाही गं, हे नुसतं म्हणायचं.
चाळीस जणी मिळून आम्ही ते नुसतं म्हणायचो.

सहाला लाल दिवा.
लॉरी. मग तो : बारा शब्द, चार सेकंद,
त्यात त्याचं नाव अख्खं,
स्वल्पविरामासकट, चोचीसकट.
काचेपलीकडून हेडलीनं अंगठा दाखवला.
वेळ बरोबर जमली होती, त्याचा.
टाउन घरच्या मैदानावर हरले. वारा दुपारी पडेल.
आणि मी मिया, म्हटलं, सवयीनं.

सातला तो तिसरा होता.
नऊला शेवटून दुसरा.
दहाला पार्किंगचे नवे दर आले.
फोन कुणाचाच आला नाही, ना चूक म्हणून, ना बरोबर म्हणून.

कागद निळ्या डब्यात टाकताना
समासाची पट्टी फाडून घेतली.
बसमध्ये तिच्या मागे एक चौकोन आखला.
ओक मी कधी नीट पाहिलेला नाही.
खिडकीतून शोधत राहिले,
पण ही बस गोदीवरून जाते,
तिथे झाडं नाहीत.