वीस टक्के

थंडीत आप्पांच्या टाचा वाजतात.
चादरीवरून पाय ओढला की
खर्र.
पलीकडच्या खोलीत मला कळतं,
कूस बदलली.

लक्ष्मीपुरीतल्या मेडिकलात आजगेकर विचारतो,
"भेगा किती खोल? रक्त येतं? साखर आहे का?"
साखर नाही. रक्त येतं कधीमधी.
भेगेत आठ आण्याचं नाणं उभं राहील, मी म्हणते.
तो हसत नाही.
काउंटरवर मांडत जातो:
बिनवासाची पेट्रोलियम जेली,
ग्लिसरीनची बाटली,
एक गुलाबी झाकणाची, तिच्यावर एक टाच छापलेली
जी जन्मात जमिनीला लागली नसावी,
आणि एक ट्यूब, साधीच, युरिया वीस टक्के.
"वासाचं नको, चिरेत झोंबतं.
आणि पाय कशानं धुतात?"
मी गप्प.
मग सांगून टाकते: कपड्याच्या वडीनं.
वर काथ्यानं घासतात.
तो खालच्या फळीवरनं काढतो
फेस न येणारी एक बाटली.
जेली आणि ट्यूबही बांधायला सांगते.

आप्पा दारातच बसलेले,
मांडीवर म्हशीचं कातडं, हातात रापी.
"युरिया? उसाला घालत्यात त्यो?
आता टाचंला कोंब फुटायचं काय गं?"
बाटली हलवून बघितली, ठेवली.
"जे फेसतच न्हाई ते धुतंय कशानं?"
किंमत विचारली.
मी निम्मी सांगितली.

चार दिवस ट्यूब कोनाड्यात, तशीच फुगलेली.
पाचव्या दिवशी पोटात दाबलेली.
मी टाचा बघितल्या.
टाचा होत्या तशाच.

मग खिडकीत दिसले कातड्याचे तीन तुकडे,
उन्हाला ठेवलेले, कोपऱ्यात आरीची टोचणी:
एक टिंब, करंजेल.
दोन टिंबं, जेली.
तीन टिंबं, वीस टक्के.
आप्पा एकेक तुकडा दुमडायचे,
कानाजवळ न्यायचे,
नखानं ओढायचे, परत ठेवायचे.
चप्पल करकरती का हे ऐकावं, तसं.
"जेली वर बसती," म्हणाले.
"तेल वास मारतंय.
ह्ये तिसरं मात्र पितंय कातडं."

त्या रात्री पाय पुढं केला.
"आधी रापीनं जरा तासू काय?"
मी रापी उचलून फडताळात ठेवली.
कोमट पाणी, बिनफेसाचं ते, टॉवेल,
मग ट्यूब.
बोटाला भेगेची कड लागली,
बाभळीच्या सालीसारखी.
ते वर आढ्याकडं बघत राहिले,
लेकीनं पाय धरला म्हणून
की झोंबलं म्हणून, कोण जाणे.
वरनं माझे शाळेचे जुने मोजे चढवले.

खर्र आलं, पण बऱ्याच उशिरा.

सकाळी मोजे पायातच होते,
चप्पलही पायात.
अंगठ्यात मोजा शिरत नव्हता म्हणून
त्यांनी रापी हुडकून काढली होती
आणि मोज्याला अंगठ्यापुरती फट पाडून
कडेनं बारीक टीप घातली होती.
दोन्ही पायांच्या.