तांडेल

चार वाजेपर्यंत, म्हणाला पंच फोंडू
स्कूटरला भोंगा बांधून तिसऱ्यांदा येऊन.
फक्त माणसं. कागद, औषधं, एकच पिशवी.
आमच्या दाराशी थांबला, भोंगा बंद केला :
"कुत्रा नको हां, वयनी. शाळेत ल्हान पोरं असतली."

वादळाला कसलंसं नाव होतं,
टीव्हीवरच्या दोघी ते दोन तऱ्हांनी म्हणत होत्या.
केरीचा समुद्र राखाडी होऊन पडला होता, घाई नसल्यासारखा.
सकाळी पोदेराची सायकल आली नाही
तेव्हा मला खरं भय वाटलं.

तांडेल बाल्कांवावर झोपलेला.
तेरा वर्षांचा. डाव्या डोळ्यात दूध उतरलेलं.
एके काळी होडीच्या नाळेवर उभा राहायचा,
बांगडा पुनाजीच्या आधी हुंगायचा,
म्हणून तर हे नाव.
आता दाराच्या तीन पायऱ्या उतरायच्या
तर आधी माझ्याकडे बघतो.

"तू वच," पुनाजी म्हणाला, जाळ्यातून मान वर न काढता.
"हांव रावतां. ह्याला कोण बघणार?"

एकतीस वर्षं संसार केलाय.
कुठलं वाक्य कुत्र्यासाठी असतं
आणि कुठलं कुत्र्याच्या मागे लपलेलं, मला कळतं.
लेकीच्या लग्नात म्हापशाला एक रात्र राहिला नाही हा,
होडी एकटी राहील म्हणाला.
होडी विकली. आता तांडेल.

मी सगळे विचार केले, खोटं कशाला सांगू.
दोरी सोडून ठेवायची, माणूस नाही पण जनावर पोहतं.
माळ्यावर कोंडायचं, पातेलंभर भात, वर सुकं खारं.
तेरा वर्षं म्हणजे पुष्कळ झाली,
हाही केला.
मग उगाच हात धुतले, दोनदा.

साडेतीनला इनासचा टेम्पो आला.
बर्फाच्या पेट्यांमध्ये त्याची आई उर्सुला,
मांडीवर टोपली, टोपलीत दोन कोंबड्या, तोंडात शिव्या.
मी नुसतं कुत्र्याकडे बघितलं.
"घाल," इनास म्हणाला,
"माझी आई त्याच्याहून जास्त चावते."

पण तांडेल चढेना.
मागे एकदा पंचायतीची गाडी त्याला उचलून घेऊन गेली होती,
तेव्हापासून चाक दिसलं की चारी पाय जमिनीत.
हाक मारावी तर ऐकू येत नाही.
शेवटी दांडीवरचा पुनाजीचा सदरा ओढला,
न धुतलेला, होडीवरचा, होडी गेली तरी तिचा वास राहिलेला,
आणि टेम्पोत अंथरला.
आधी नाक वर गेलं. मग पुढचे पाय.
मागचं अर्धं मी आणि इनासने
जुन्या लुगड्याच्या झोळीत घालून उचललं.

मी वर बसले. चल, म्हटलं इनासला,
मोठ्याने, घरात ऐकू जाईल असं.

पुनाजी दारात आला.
रिकाम्या बाल्कांवाकडे बघत राहिला
जसा कधी रिकाम्या जाळ्याकडे बघायचा.
आत गेला. बाहेर आला.
रेशनकार्ड नाही, रक्तदाबाच्या गोळ्या नाहीत,
हातात ॲल्युमिनियमची पोचे पडलेली थाळी.
"ह्याचं भांडं विसरलीस," म्हणाला
आणि रागाने चढला.
पालयेपर्यंत कुत्र्यावरची नजर काढली नाही त्याने,
म्हणजे मागे बघावं लागलं नाही.

शाळेत पंचाने आम्हाला पाहिलं,
मग आपल्या स्कूटरच्या टायरला पाहिलं.
"पडवीत. त्या टोकाक. आणि मी बघूक ना."

रात्री वारा आला तो नुसता वारा नव्हता.
कुठल्या तरी घराचे पत्रे लांबून ओरडत गेले.
आत पोरं रडत होती, उर्सुला आयमरी म्हणत होती,
कोंबड्या गप्प.
तांडेलाची दोरी मी माझ्या घोट्याला बांधलेली.

दोनच्या सुमाराला तो उठला.
पश्चिमेकडे तोंड करून, कान सपाट,
नाक वर, नाळेवर असायचं तसं.
पाय थरथरत होते तरी उभा.
"काय म्हणतो रे?" पुनाजी अंधारात उठून बसला.
तांडेलाने बराच वेळ हुंगलं,
दोन गिरक्या घेतल्या आणि सदऱ्यावर बसला.

"अजून आसा," पुनाजी म्हणाला.

वादळ, की घर, की समुद्र,
मी विचारलं नाही.
घोट्याला दोरी काचत होती.
सैल केली नाही.