घरटी अकरा मीटर

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, घोडपदेवला,
मेस्त्रींच्या खोलीत आम्ही बसतो.
चपला बाहेर, पंखा तीनवर.
अध्यक्ष धोंडू रामाणे, कानातलं यंत्र खिशात.
खजिनदार मी.
भाऊ गेला तेव्हा त्याच्या चष्म्याबरोबर
ही पावतीपुस्तकंही माझ्याकडे आली,
आणि परत मागायला कोणी आलं नाही.

रस्ता तसा साधा आहे.
फाट्यापासून पऱ्यापर्यंत बांधकाम खात्याचा.
सड्यापासून देवळापर्यंत जिल्हा परिषदेचा.
मधले चारशे मीटर
दोन्ही नकाशांच्या घडीत गेलेत.
खातं म्हणतं, परिषदेला विचारा.
परिषद म्हणते, असा रस्ता आमच्या नोंदीला नाही.
भाऊ म्हणायचा, नोंद नसली तरी
पाय तिथंच मुरगळतो.

त्यानेच भागाकार केला होता, सत्त्याऐंशी साली,
कॅलेंडरच्या मागच्या बाजूला:
छत्तीस घरं, घरटी अकरा मीटर.
उरले चार, ते देवाचे.

वहीत त्याचं अक्षर आहे.
सत्त्याऐंशी. जांभा दोन ट्रक, मजुरी, गूळ अडीच किलो.
ब्याण्णव. मोरीचे पाइप दोन.
एक फुटका निघाला. दुकानदार ऐकेना.
दोन हजार पाच. सगळं गेलं.
त्या ओळीपुढे रक्कम नाही,
नुसती शाई थोडी पसरलेली.

तेव्हापासून भांडणंही मीटरवरच.
भांडुपचे खापरे म्हणतात, माझे अकरा वळणावर आलेत,
डंपर तिथंच ब्रेक मारतो,
मी इतरांइतकेच का भरू?
यशवंती धुळपचं घर पडलं, चौथराही विकला,
ती तिचे अकरा सोडत नाही.
डोंबिवलीहून येते, सुटे पैसे आणते,
आणि पावतीवर "मीटर १२१ ते १३२" लिहिलंय ना,
ते दोनदा वाचून घेते.

आज प्रणिकेतने मोबाइलवर हिशोब मांडला.
आपण वर्षातून चार दिवस जातो.
गावात आता नऊ माणसं आणि एक बैल.
माणशी, दिवशी, पावलागणिक
आपल्याला हा रस्ता केवढ्याला पडतो,
याचा आकडा त्याने सगळ्यांना दाखवला.
चुकीचा नव्हता. मी कच्चा करून पाहिला.
कोणी काही बोललं नाही.
रामाण्यांनी यंत्र कानात घातलं, पुन्हा काढलं,
म्हणाले, "पोरा, चाय घे."

मग मी टपाल काढलं.
त्यात दाऊद मुकादमची मनीऑर्डर, पाचशे रुपये.
खालच्या मोहल्ल्यातला; गॅसचा टेम्पो चालवतो.
आमच्या वाडीत त्याचं घर नाही, शेत नाही, सोयरीक नाही.
संदेशाच्या जागेत बारीक अक्षरात:
आठवड्याला दोनदा तुमच्यावरून जातो.
पाटा तुटला की तुमचीच आठवण येते.
माझे मीटर कुठले ते कळवा.

खापरे हसले. प्रणिकेतने मोबाइल उलटा ठेवला.
छत्तीस घरांची वाटणी झालेली,
द्यायला एक फूटही शिल्लक नव्हता.
मी पावती फाडली.
नाव लिहिलं, रक्कम लिहिली, अक्षरी लिहिली,
आणि खाली, कोणाला न विचारता:
मीटर ३९६ ते ४००.
मेस्त्रींनी वाकून पाहिलं.
"ते देवाचे," म्हणाले.
"हो," म्हटलं, आणि शिक्का मारला.

ठराव पुढच्या सभेवर गेला. फरसाण उरलं.
निघाले तर खाली रस्ता पुन्हा खणलेला,
फलकावर खर्च, कोटीत,
कोणाकडे वर्गणी मागितल्याचं काही दिसलं नाही.
पत्र्याच्या कडेकडेने चालताना मोजलं:
अकरा मीटर म्हणजे माझी अठरा पावलं.
पिठाच्या गिरणीपासून
चाक काढून ठेवलेल्या त्या हातगाडीपर्यंत.
एवढाच.
गुडघा दुखत होता, तरी मागे फिरून
पुन्हा एकदा मोजलं.