माय कुठून येते

शुक्रवारी पाऊस झाला. चाळीस मिनिटं.
सोहारला तेवढा खूप होतो :
वादीला पूर, शाळांना सुट्टी,
अंडरपासात म्हशींसारख्या बसून राहिलेल्या गाड्या.
शनिवारी पाजेरोचं दार उघडलं तर
उजव्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागी, डबकं.
त्यात पेट्रोलची एक पावती तरंगत होती
आणि वास, पोत्यात विसरलेल्या सुकटीसारखा.

गाडी शहाण्णवची, माझ्या थोरलीहून दोन वर्षांनी मोठी.
रबर तिचं कोकमाच्या सालीसारखं आक्रसलेलं.
ऊन काही बोलत नाही, वर्षभर गुपचूप काम करतं.
मग एक पाऊस येतो आणि चहाडी करतो.

सनाइय्यातला दुरमहम्मद बलोच वाकला,
बोट बुडवलं, हुंगलं. म्हणाला, "माय."
इथे पाण्याला माय म्हणतात.
बावीस वर्षं झाली, तरी दर वेळी
कान माझा आधी दापोलीला जातो, मग परत येतो.
"कूलंट नाही, चिकट नाही. नुसती माय.
आता बघायचं, येते कुठून."

सीट काढली. गालिचा सोलला.
खालचा फेल्ट पिळला : अर्धी बादली.
पत्र्यावर पन्नास बैशांचं नाणं, एक हेअरपिन,
आणि वितळून घट्ट बसलेला रंगखडू, जांभळा.
नखानं खरवडला. निघाला नाही. असू दे म्हटलं.

त्यानं सांध्यासांध्यावर खडूची पूड मारली,
मला टॉर्च देऊन आत कोंबलं, काचा लावल्या,
आणि नळी धरली. खालून.
"खालून का?" मी आतून ओरडलो.
"वरून धरली तर सगळंच भिजतं.
सगळंच भिजलं की सगळेच चोर."

उंबरठा कोरडा.
दाराचं रबर, फाटकं, तरी कोरडं.
काचेखालच्या पन्हळीत गाफची पानं, वाळू,
गांधीलमाशीचं मातीचं घर.
त्यानं तार घालून मोकळी केली, पाणी गटगट खाली गेलं.
मला वाटलं, सापडलं.
घाई असते आपल्याला सापडल्याची.
पूड मात्र तशीच, पांढरी.

आत उकडत होतं.
बाहेर तो तोंड हलवत होता, ऐकू काही येत नव्हतं,
नेटवर्क गेल्यावर फोनमध्ये घरची दिसतात, तसं.

आणि मग छपराच्या कडेला, हँडलच्या वर,
पुडीत एक काळी रेघ उमटली.
खांबाच्या पोटात शिरली, दिसेनाशी झाली,
आणि तीन हात खाली
भलत्याच कुणाची असल्यासारखी ठिबकली.

"वर भोक आहे," दुरमहम्मद म्हणाला. "कुणी पाडलं?"

मीच.
चौदा सालचा मे. कॅरियर बसवला होता,
उसन्या ड्रिलनं, चार भोकं.
कार्गोला नऊ खोकी, शिलाई मशीन, मुलींची सायकल.
झुलेखा पुढे बसलेली, पायांत मिक्सरची पेटी,
विमानतळापर्यंत ती पेटी तिनं खाली ठेवू दिली नाही कुणाला.
कॅरियर पुढे विकला. तीन भोकं सिलिकॉननं बुजवली.
चौथ्याला नळी संपली होती.
वर रंगाचा ठिपका दिला आणि विसरलो.

"इतकी वर्षं कळलं नाही?"
"तिथे पाय ठेवायला कुणी नसतं," म्हटलं.
तो गंज घासत होता. त्यानं वर बघितलं नाही.

पॉलिश पेपर, प्रायमर, वॉशर, बोल्ट, सिलिकॉन.
"चोवीस तास बोट लावायचं नाही."
चार रियाल सांगितले, तीन घेतले.

गालिचा कठड्यावर कडक वाळला.
रात्री झुलेखा विचारते, पाऊस झाला म्हणे? गाडी?
म्हटलं, आता थेंब येत नाही.
धाकटीला जांभळ्या खडूचं सांगितलं.
ती म्हणाली, माझा नसेल अब्बा,
माझा नेहमी पोपटी असायचा.